ऑर्व्हिल टेंचचा पुतण्या

युजीन स्लॉम्स्की आणि डेल हॅव्हरस्टिक पहिल्यांदा भेटले ते अमेरिकेतल्या, सरोवराकाठच्या एरी गावातल्या एका चर्चच्या तळघरात, जुन्या कॉमिकच्या विक्रीत, एकाच अंकाची दोन टोकं धरून. साल एकोणीसशे एकाहत्तर. दोघंही विशीतले, दोघांचीही अंगकाठी अशी की जोरात फुंकर मारली तर सरोवरापलीकडे कॅनडात जाऊन पडावेत. पण अंक सोडायला कुणी तयार नाही. ही रस्सीखेच युजीनच्या मते चाळीस मिनिटं चालली, डेलच्या मते सव्वा तास. तेवढ्यात पियेरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, विकणाऱ्या बायकांच्या तीन पराती रिकाम्या झाल्या, फादर एकदा येऊन आशीर्वाद देऊन गेले, दुसऱ्यांदा येऊन पोलिसांना बोलावू का म्हणून विचारून गेले, आणि बाहेर हिवाळा संपून उन्हाळा लागला. शेवटी अंकाचेच दोन तुकडे झाले. मुखपृष्ठ डेलच्या हातात, आतली गोष्ट युजीनच्या.

“वाच आता,” डेल म्हणाला.

“काय वाचू?”

“गोष्ट तुझ्याकडे आली ना? मोठ्याने वाच. मी चित्र धरून उभा राहतो.”

युजीनने खरोखरच वाचली. त्यानंतर पंचवीस वर्षं हे दोघं एकमेकांना सोडून कुठे दिसले असतील तर फक्त आपापल्या लग्नात नवरीशेजारी, आणि तिथेही दुसरा पहिल्या रांगेत होता.

युजीन त्या दिवसांत घरोघर फिरून व्हॅक्यूम क्लीनर विकत असे. ‘विकत असे’ हे त्याच्या मालकाचं म्हणणं. प्रत्यक्षात दोन वर्षांत चार गेले आणि त्यातला एक त्याच्या आईने घेतला होता. उरलेला सगळा वेळ तो परक्यांच्या दारात उभा राहून घंटा वाजवायचा. आत पावलं वाजायची, पडदा हलायचा, आणि मग त्या घरात कधी कुणी राहिलंच नसावं अशी शांतता पसरायची. एरीतल्या तमाम घंटा त्याला आवाजावरून ओळखू येत. पुढे तो स्टेट स्ट्रीटवरच्या बुटांच्या दुकानात लागला, तिथेच त्याचं टक्कल पडलं, तिथेच चष्मा लागला. पण त्या बंद दारांपुढचे दोन हिवाळे काही त्याच्या मनातून गेले नाहीत.

दोघं एका मंडळाचे सभासद होते. हे मंडळ कधी एकत्र बसत नसे. देशभर विखुरलेले चोवीस कॉमिकवेडे दर तीन महिन्यांनी आपापली चार-सहा पानं टंकून, त्यांच्या चोवीस प्रती काढून, पिट्सबर्गच्या मार्सिया टिबेटला टपालाने धाडत. मार्सिया सगळ्यांची पानं लावून चोवीस गठ्ठे बनवी, त्यांना स्टेपल मारी आणि ज्याचा त्याला परत पाठवी. वीस वर्षं स्टेपल मारून तिचा उजवा दंड डाव्याच्या दुप्पट झाला होता, असं सभासद म्हणत; तिला प्रत्यक्ष पाहिलेलं कुणीच नव्हतं. गठ्ठ्यात बहुतेक रडगाणं असे. लहानपणी कॉमिक किती सुंदर होते, शाई बोटांना कशी लागायची, आणि मग एके दिवशी आईने सगळा खजिना कचऱ्यात कसा टाकला. चोवीस सभासद, चोवीस निर्दय आया. युजीनला या रडण्याचं हसू येई, आणि रडणाऱ्यांत त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा असे.

शहात्तर साली त्याने गठ्ठ्यात एक पान घातलं. ‘डॉक्टर डोअरबेल कुणाला आठवतो का?’

डॉक्टर डोअरबेल हा सुपरहिरो. त्याने शपथ घेतली होती की घंटा वाजवल्याशिवाय आणि आतून ‘या’ ऐकल्याशिवाय कुणाच्याही घरात पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे गुन्हेगारांना पळायला भरपूर वेळ मिळे. त्याचा हाडवैरी कर्नल पॅडलॉक तर कॉफी संपवून, कप विसळून मग मागच्या दाराने जाई. डॉक्टरबरोबर डोअरमॅट नावाचा कुत्रा असे. एकशे बारा अंकांत डॉक्टर फक्त नऊ वेळा घरात पोहोचला, आणि त्यातल्या दोन वेळा घर चुकलं होतं. मालिका अठ्ठावन्न ते सदुसष्टपर्यंत निघत होती, असं युजीनने ठोकून दिलं. यातलं अक्षर न अक्षर त्याने बुटांच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना, खोक्यांच्या पाठीवर लिहून काढलं होतं.

पुढच्या गठ्ठ्यात सभासद तुटून पडले. बफेलोच्या एकाने लिहिलं की त्याच्याकडे चौदा अंक होते. मार्सियाने लिहिलं की त्रेचाळिसावा अंक तिच्या आईने सशांच्या खुराड्यात अंथरला, आणि ते ससे पुढे फार सभ्य निघाले. डेलला चित्रकला येत होती. त्याने सत्तराव्या अंकाचं मुखपृष्ठ ‘आठवणीतून’ काढून पाठवलं. तिथून नियमच झाला. चेहरा गंभीर ठेवायचा. हे खोटं आहे असं कुणी, कधी, कुठेही कबूल करायचं नाही. नवा सभासद आला की त्याने आधी आपण डोअरबेलचा पहिला अंक कुठे घेतला आणि आईने तो कसा टाकला, हे लिहायचं. युजीनने तर आपल्या आईवर, बिचाऱ्या स्टेलाबाईंवर, एकशे बाराच्या एकशे बारा अंक जाळल्याचा आरोप ठेवला होता.

मालिकेला जनक हवा म्हणून त्याने ऑर्व्हिल टेंच नावाचा चित्रकार निर्माण केला. दम्याने बेजार, जगाने उपेक्षिलेला, आणि स्वतःच्या घराला घंटा नसलेला. अठ्ठ्याऐंशी साली डेलला चाळीस वर्षं पूर्ण झाली, तेव्हा भेट काय द्यावी याचा युजीनने महिनाभर विचार केला आणि ऑर्व्हिल टेंचला मारून टाकलं. गठ्ठ्यात सहा पानी मृत्युलेख आला. शेवटची ओळ अशी होती: ‘टेंच यांच्या मागे एकुलते एक पुतणे, एरीचे श्री. डेल हॅव्हरस्टिक, असून आपली सर्व हस्तलिखितं आणि हक्क टेंच यांनी याच पुतण्याच्या नावे केले आहेत.’

डेलला फोनवर हसून हसून उचकी लागली. “गाढवा,” तो म्हणाला, “एवढं मोठं मला आजवर कुणी काही दिलं नाही.”

शहाण्णवच्या फेब्रुवारीतल्या एका बुधवारी युजीन नेहमीप्रमाणे कॉमिकच्या दुकानात गेला. नवे अंक बुधवारी येतात, आणि बुधवारी एरीत कितीही बर्फ पडला तरी काही माणसं घरी बसत नाहीत.

“तुझा तो आलाय बघ,” दुकानदार म्हणाला.

“माझा कोण?”

“तो डोअरबेल. इतकी वर्षं त्याच्यावरून माझं डोकं खात होतास. खरं सांगू का, मला वाटायचं थापा मारतोस. माफ कर, गड्या.”

त्याने पुढच्या महिन्यांत येणाऱ्या अंकांची यादी काऊंटरवर उलटी करून सरकवली. क्लीव्हलंडच्या एका लहान प्रकाशनाची अर्ध्या पानाची जाहिरात होती. ‘विस्मृतीत गेलेली मालिका पुन्हा तुमच्या दारात. मूळ निर्मिती: कै. ऑर्व्हिल टेंच. नवी कथा आणि चित्रं: त्यांचे पुतणे डेल हॅव्हरस्टिक.’ खाली बारीक अक्षरांत आभार होते. ‘लहानपणी प्रत्येक अंक विकत घेणारे निष्ठावान वाचक श्री. युजीन स्लॉम्स्की यांचे.’

युजीनने ‘वाचक’ हा शब्द तीनदा वाचला. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. चार दिवसांपूर्वीच तो आणि डेल एका बाकावर बसून पेपरोनी बॉल, म्हणजे मसालेदार सॉसेज भरलेले पावाचे गोळे, खात होते. डेलने त्याला शेवटचा बॉल दिला होता. का दिला ते आता कळलं.

डेलचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. युजीनने प्रकाशकाला पत्र लिहिलं. मी हा सुपरहिरो शहात्तर साली रचला, टेंच नावाचा माणूस कधी जन्मालाच आला नाही, माझं नाव तेवढं घाला, दुसरं काही मागत नाही. बारा दिवसांत उत्तर आलं, आणि त्यात वाईट बोललेलं असतं तर बरं झालं असतं. फार गोड होतं. ‘आपलं प्रेम पाहून भरून आलं. मात्र आपणच अठ्ठ्याऐंशी साली लिहिलेला मृत्युलेख आमच्याकडे आहे, आपण स्वतः पहिला अंक घेतल्याच्या आठवणींची अकरा पानंही आहेत, आणि आपल्या मातोश्रींनी अंक जाळल्याचा हृदयद्रावक प्रसंगही. सोबत स्टिकर पाठवत आहोत.’

मातोश्री. युजीन कोट न घालताच पूर्वेकडच्या वस्तीत आईकडे गेला. स्टेलाबाई एक्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि बीट सोलत होत्या.

“आई, तू माझे कॉमिक कधी जाळलेस का गं?”

त्यांनी सुरी खाली ठेवली. “गेनेक,” त्या त्याच्या लहानपणीच्या लाडक्या नावाने म्हणाल्या, “ते जाऊ दे आता.”

“म्हणजे?”

“चूक झाली बाळा माझी. एवढे सगळे एकदम जाळायला नको होते.”

“आई, तू काही जाळलं नाहीस. ती मी गंमत केली होती. त्या गठ्ठ्यात.”

“तू लिहिलं होतंस. शेजारच्या हेलेनच्या मुलीने मला वाचून दाखवलं. मला आधी आठवेना. मग आठवलं. मागच्या अंगणातलं ते पिंप, धूर, सगळं.” त्यांनी बोटं अॅप्रनला पुसली. “मी चर्चमध्ये कबुलीही दिली. फादर म्हणाले, मुलाची क्षमा मागा. मला धीर होत नव्हता. केलीस का रे क्षमा?”

युजीनने टेबलावरच्या बिटाच्या साली एका बाजूला सारल्या. मग म्हणाला, “केली, आई.” दुसरं काय म्हणणार.

आता मंडळच उरलं. मार्चच्या गठ्ठ्यासाठी त्याने आयुष्यात पहिल्यांदा विनोद न करता चार पानं लिहिली, आणि उत्तरं त्याच गठ्ठ्यात यावीत म्हणून ती सगळ्या सभासदांना आधीच टपालाने धाडली. व्हॅक्यूम क्लीनरची दोन वर्षं, ती दारं, ते पडदे, बुटांच्या खोक्यांवरची पहिली टिपणं. शेवटी लिहिलं, ‘नियम मोडतो आहे. तुम्हीही एकदा मोडा आणि खरं काय ते प्रकाशकाला कळवा. ही गंमत नाही.’

गठ्ठा परत आला तो वीस वर्षांत कधी आला नव्हता इतका जाड होता. सभासद हसून लोळायचे बाकी होते. ‘स्वतःच डोअरबेलचा जनक असल्याचा दावा करणारा वेडा वाचक! युजीन, तू आजवर उभं केलेलं सर्वांत करुण पात्र,’ असं बफेलोच्या सभासदाने लिहिलं होतं. व्हॅक्यूम क्लीनरचा भाग थोडा अतिरंजित वाटला, अशी एकाची तक्रार होती. मार्सियाने वर्षातलं सर्वोत्तम लिखाण म्हणून त्या चार पानांची निवड केली होती.

त्याने तिला फोन लावला. “मार्सिया, ते खरं आहे.”

पलीकडे क्षणभर स्टेपलरही थांबला. “युजीन, तू म्हणजे ना,” ती म्हणाली, “एकदाही हसू फुटू देत नाहीस.”

डेल शेवटी सापडला तो लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, एका शुक्रवारी, चर्चच्या हॉलमध्ये, तळलेल्या पर्च माशांच्या रांगेत. युजीन ताट घेऊन त्याच्या मागे उभा राहिला.

“मला विचारायचं होतंस,” युजीन म्हणाला.

डेलने मागे वळून पाहिलं नाही. “तू नाही म्हणाला असतास.”

“हो म्हणालो असतो. दोघांची नावं घालू म्हणालो असतो.”

“तिथेच घोळ होता ना. त्यांना हरवलेला खजिना हवा होता, जीन. एरीतला बूटविक्या आणि त्याचा दोस्त मिळून काहीतरी रचतात, ते कोण छापणार? मी चोवीस वर्षं चित्रं काढतोय. एकदा तरी खरी छापून यावीत म्हणून मी काय केलं, तर तूच लिहिलेला कागद दाखवला. एक शब्द माझा नाही त्यात.”

“तोच तर त्रास आहे.”

“आणि नियम मी पाळला. तू मोडायला निघालास.”

वाढणाऱ्या बाईने डेलच्या ताटात मासे टाकले आणि लिंबू हवं का विचारलं. डेल हो म्हणाला.

“त्या दारांत मी उभा होतो, डेल,” युजीन हळू आवाजात म्हणाला. “तू नव्हतास.”

“मला माहीत आहे.”

“मग कुणाला तरी एकाला सांग. छापू नको. नुसतं सांग.”

डेल खरंच विचार करत असावा, कारण रांग त्याच्यासाठी खोळंबली. मग तो म्हणाला, “कुणाला पटेल रे,” आणि कोबीचं कोलस्लॉ घ्यायला पुढे सरकला. तो बसला ते टेबल भरलेलं होतं. युजीनने ताट दुसरीकडे नेलं आणि गार होईपर्यंत मासे खाल्ले नाहीत.

मालिका सहा अंक चालली आणि खप नाही म्हणून बंद पडली. डेल त्या उन्हाळ्यात फ्लोरिडाला राहायला गेला. युजीनने पुढच्या वर्षी सभासदत्व चालू ठेवलं नाही, आणि मार्सियाने त्याच्या जागी टक्सनचा एक दंतवैद्य घेतला.