राखायला दिलेली कोंबडी

कोंबड्यांचे किस्से कुणी ठरवून जमवत नाही. तुम्ही कोंबडी पाळता आणि किस्से तिच्या मागोमाग अंगणात शिरतात. आमच्याकडे पाहुणे आले की चहा होईपर्यंत मी एखादा सांगायला घेतो आणि आतून कुसुमचा, म्हणजे माझ्या पत्नीचा, आवाज येतो, "तसं नव्हतं ते." बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं. म्हणून इथे जिथे जिथे माझं चुकलं, त्या जागा मीच आधी सांगून टाकणार आहे. तशा जागा बऱ्याच आहेत.

मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक होतो. डॉक्टरेट आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निवृत्त झालो आणि डोळखांबजवळच्या आमच्या गावी येऊन राहिलो. अंगणात आठ कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यांच्यापैकी कुणालाही माझ्या पदवीचं काही वाटत नव्हतं.

*

ओढ्यापलीकडच्या पाड्यावर भागी राहायची. दिवाळी झाली की ती नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परत यायची. जाताना झोपडीला कुलूप लावायचं आणि कोंबड्या गावात राहणाऱ्या कुणाकडे तरी अर्धलीनं ठेवायच्या, ही तिकडची रीत. अर्धलीनं म्हणजे सांभाळायचं त्यानं, आणि पिल्लं निघाली तर निम्मी त्याची, निम्मी मालकिणीची. कोंबडी मात्र मालकिणीची ती मालकिणीचीच.

आदल्या वर्षी भागीनं सहा कोंबड्या अशा कुणाकडे तरी ठेवल्या होत्या. परत आली तर एकही नव्हती. मुंगसानं नेल्या, असं तिला सांगण्यात आलं. सहाच्या सहा!

या वर्षी तिच्याकडे एकच होती. तांबडी, अंगावर पांढरे ठिपके; पुढे आम्ही तिला ठिपकीच म्हणू लागलो. ती काखेत धरून भागी आमच्या पायरीशी उभी राहिली. म्हणाली, "मुंगूस येतो, बिबट्या येतो, त्याला माजं काय म्हणणं नाय. पण झालं ते खरं सांगायचं. तुमी शिकलेले. तुमी खोटं नाय बोलणार, सर."

मी मान हलवली. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतसुद्धा माझ्या हातांना इतका घाम आला नव्हता.

*

पहिली चूक त्याच दुपारी झाली. नवा विद्यार्थी वर्गात आणून बसवावा तसं मी ठिपकीला सरळ अंगणात सोडलं. इतर कोंबड्यांनी दाणे टिपणं थांबवलं. मग काळी पुढे आली.

काळी ही अंगणातली सर्वांत दांडगी. ती वैशाखऱ्याची, म्हणजे कुसुमच्या माहेरची. तिच्या भावानं स्वतः आणून दिलेली. आमच्या घरात माहेराहून आलेली वस्तू टाकत नाहीत, कुणाला देत नाहीत आणि तिच्याबद्दल वाईट बोलत नाहीत. संध्याकाळपर्यंत ठिपकीचा तुरा फाटला होता आणि मानेवर दोन बोटं रुंदीची उघडी कातडी दिसत होती.

मी कुसुमला म्हटलं, तुझी काळी तिला मारून टाकेल. ती तांदूळ निवडत होती. "नवीन आहे ती. थोडं सोसावं लागतं," ती म्हणाली. "मी नाही सोसलं तुमच्या घरी?"

मी परत अंगणात गेलो. तिथे निदान धोका कुठून आहे ते कळत होतं.

*

जखमेवर औषध लावायचं एवढं कुणालाही कळतं. घरात काचेच्या बाटलीत लाल औषध होतं, मुलांच्या गुडघ्यांना लावायचो ते. ते मी कापसानं ठिपकीच्या मानेला आणि तुऱ्याला भरपूर लावलं आणि समाधानानं तिला सोडून दिलं.

आता एकटी काळी नव्हे, सगळ्याच धावून आल्या. कोंबडासुद्धा.

दुसऱ्या दिवशी ठिपकीला वायरच्या पिशवीत घालून मी एसटीनं शहापूरला नेलं. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"काळीनं," मी म्हणालो.

"ते नाही हो. हे लाल कुणी फासलं?"

मी लाल झालेली बोटं खिशात घातली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की कोंबडीला लाल दिसलं की ती तिथेच चोच मारते. रक्त असो नाहीतर औषध, तिला सारखंच. त्यांनी जांभळ्या औषधाची बाटली दिली. ते मी इतकं सढळ हातानं लावलं की ठिपकीची मान शेवटपर्यंत जांभळीच राहिली. माझी बोटं महिनाभर.

*

दुसरी चूक जास्त शहाणपणाची होती. ठिपकीला मी घरात आणलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गोणपाट, वाटीत पाणी, तांदळाच्या कण्या. महिन्याभरात तिला पिसं फुटली, डोळ्यांत तेज आलं. मग चांगला दिवस बघून तिला पुन्हा अंगणात ठेवलं.

महिनाभर जी दिसली नाही ती परकी, असा त्यांचा साधा हिशोब. पहिल्या दिवशी झालं ते सगळं पुन्हा पहिल्यापासून झालं, आणि जांभळी बाटली पुन्हा उघडावी लागली.

तेव्हा मी एक वही सुरू केली. ओट्यावर बसून कोण कुणाला टोचतं याच्या नोंदी करू लागलो. उभ्या रांगेत टोचणारी, आडव्या रांगेत टोचून घेणारी. तीन आठवड्यांनी निष्कर्ष निघाला की काळी सगळ्यांना टोचते आणि ठिपकीला सगळ्या टोचतात. कुसुमनं वही चाळली आणि म्हणाली, "हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं."

एक गोष्ट मात्र वहीत लिहायची मला गरज पडली नाही. पाण्याच्या भांड्याशी ठिपकी सगळ्यांत शेवटी जायची. आधी लांब उभी राहायची, सगळ्या पिऊन हलल्या की मग. शेवटी पाणी कोण पितं हे मला शाळेपासून ओळखता येतं.

*

पाड्यावरचे धर्माबाबा, भागीच्या नात्यातले, मधाच्या बाटल्या घेऊन गावात यायचे. एकदा ओट्यावर टेकले. ठिपकी त्या वेळी पुन्हा घरात कोंडलेली होती आणि काळी अंगणभर मिरवत होती. मी त्यांना सगळा प्रकार वहीसकट सांगितला. वही त्यांनी उलटी धरली होती, पण ऐकलं नीट.

"म्हंजे मारणारी मोकळी आन मार खाल्लेली कोठडीत," ते म्हणाले. "ही कुटली रीत, सर?"

मी वही त्यांच्या हातून परत घेतली. त्यांनीच उठून कोपऱ्यातलं बांबूचं डालगं घेतलं आणि काळीवर उपडं घातलं. आठ दिवस तिला तिथेच दाणापाणी द्यायचं. तिनं आतून बघायचं, बाकीच्यांनी बाहेरून बघायचं. तोवर ठिपकीला मोकळं फिरू द्यायचं. नवीन कोंबडी आणली तरी हेच करायचं, फक्त तेव्हा डालग्याखाली नवीन. आणि डालगं काढायचं ते दिवेलागणीला. तेव्हा सगळ्या दांडीवर बसायच्या घाईत असतात, भांडायला कुणाला सवड नसते.

इतकं सोपं होतं. मला हुशारी नको होती, एक डालगं हवं होतं.

*

आणि नेमका तिसऱ्या दिवशी मेहुणा आला. वैशाखऱ्याहून, मोटारसायकलवर, सकाळी. "जयभीम, दाजी," म्हणत अंगणात पाऊल टाकलं आणि थांबला. डालग्याच्या फटीतून काळी त्याच्याकडे बघत होती.

"आपली काळी आत का?"

मी विज्ञान सांगायला सुरुवात केली. तो ऐकत होता, पण माझ्याकडे नव्हे, बहिणीकडे बघत. कुसुम दारात उभी होती. तिनं मला दोन वाक्यं बोलू दिली, मग म्हणाली, "आजारी आहे ती. ह्यांनी वेगळी ठेवली."

मेहुण्यानं जाताना काळीसाठी मुद्दाम बाजारातून आणलेली ज्वारी डालग्याखाली सारली. तो गेल्यावर कुसुम चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. पण डालग्यातून सुटलेली काळी खरोखर नरमली होती. तिची जागा गेली होती. ठिपकी आता पाण्याच्या भांड्याशी तिसरी जायची. मी वहीत तारीख टाकून खाली दोन रेघा ओढल्या.

*

गुढीपाडवा झाला. ठिपकीनं आमच्याकडे अंडं घालणं बंद केलं. दुपारची तासाभर दिसायचीही नाही. मी निष्कर्ष काढला की झालेल्या मानसिक त्रासाचा हा परिणाम असावा.

मग एका संध्याकाळी ती खुराड्यात आलीच नाही.

आम्ही दोघांनी कुंपण पाहिलं, गोठे पाहिले, ओढा पाहिला. दुसऱ्या सकाळी मी ओढा ओलांडून भागीच्या झोपडीपर्यंत गेलो. दाराला कुलूप. कुलूपबंद घरात कोंबडी कशी जाईल, असा तर्क करून मी दारातूनच परत फिरलो. एखादं पीस मिळालं असतं, रक्ताचा डाग मिळाला असता, तर निदान भागीला काय सांगायचं ते कळलं असतं. काहीच मिळालं नाही. मुंगूस, असं माझ्या मनात आलं आणि त्या शब्दाचीच मला भीती वाटली. आदल्या वर्षीच्या माणसानंही हेच सांगितलं होतं. कोण जाणे, त्याचंही खरं असेल.

*

कल्पना कुसुमची होती, पण मुरबाडच्या बाजारात मी माझ्या पायांनी गेलो. तांबडी, पांढऱ्या ठिपक्यांची, एवढ्याच वयाची. कोंबडीवाली तीन दाखवून थकली. म्हणाली, "कोंबडी पायजे की सोयरीक जुळवताय, बाबा?"

चौथी मिळाली. हुबेहूब. खरं तर भागीनं दिली होती त्या कोंबडीसारखी हीच जास्त दिसायची. मान जांभळी नाही, तुरा अखंड.

तिला आणल्यावर मी एकही चूक केली नाही. आठ दिवस डालग्याखाली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पाण्याची भांडी एकाऐवजी तीन, लांब लांब ठेवली, म्हणजे एकीला सगळी अडवता येऊ नयेत. नवव्या दिवशी दिवेलागणीला दांडीवर. सकाळी कुणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. अख्ख्या वर्षात माझा एकच प्रयोग निर्दोष झाला, आणि तो हा.

ही भरपाई आहे, फसवणूक नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. मग हिला दाखवून काय म्हणायचं, ते मात्र ठरत नव्हतं. "काही म्हणूच नका," कुसुम म्हणाली. "ती न्यायला येईल, तुम्ही द्या. कुणाचं नुकसान आहे त्यात?" ती असं म्हणाली खरी, पण भागी यायचे दिवस जवळ आले तशी तिलाही जेवण जाईना.

*

भागी आली ती मे महिन्याच्या शेवटी, एका सकाळी. उन्हानं काळवंडलेली, कमरेवर टोपली, टोपलीवर फडकं. भट्टीवरून आदल्या दिवशीच आली होती. कुसुम तिला पाणी आणायला म्हणून आत गेली आणि पाणी घेऊन दारातच थांबली.

"सर, माजी कोंबडी?"

मी तोंड उघडलं नाही. हात मात्र उठला आणि त्यानं अंगणातल्या तांबडीकडे बोट दाखवलं.

भागी तिच्याकडे बघत राहिली. "ब्येस राखली," ती म्हणाली. "एक पीस नाय गेलं."

तेवढ्यावर ते संपलं असतं. कोंबडी तिच्या काखेत गेली असती आणि मी हे तुम्हाला सांगत बसलो नसतो.

"ती तुझी नाही, भागी," मी म्हणालो. "तुझी महिन्यापूर्वी गेली. कुठे गेली ते मला माहीत नाही. मला ती राखता आली नाही. ही मी मुरबाडच्या बाजारातून आणली."

ती पायरीवर बसली, टोपली खाली ठेवली. कुसुमच्या हातून तांब्या घेतला, सगळं पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं.

"मंग तिची मान जांबळी कशानं झाली, ते सांगा आदी."

आणि तिनं टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. आत चार पिल्लं होती.

"माज्या घरात, कुडाच्या भोकातनं शिरून बसली व्हती. आट निगाली," भागी म्हणाली. "चार तुमची."

पिल्लांचा आवाज ऐकून कुंपणाकडून काळी मान लांब करून टोपलीकडे यायला लागली. मी उठेपर्यंत कुसुम दारातून खाली उतरली होती. तिनं कोपऱ्यातलं डालगं उचललं आणि काळीवर उपडं घातलं.