ओढ्यापलीकडचं छोटं घर

नोरीन पॅस्को मंगळवारी सत्तर वर्षांची होणार, हे मला शुक्रवारी शाळेच्या कॅन्टीनमध्ये कळलं. तिनं स्वतः कुणाला सांगितलं नव्हतं. पहिलीतल्या एका पोरीनं रस्ता ओलांडता ओलांडता सरळ तिचं वय विचारलं, आणि नोरीन पोरांशी खोटं बोलत नाही. मधल्या सुट्टीपर्यंत बातमी सॉसेज रोलच्या रांगेतून माझ्या खिडकीशी पोचली.

मी लगेच फर्मान काढलं, मंगळवारी खडू.

मेलबर्नपासून दोन तासांवरच्या बेंडिगो शहराच्या टोकाला आमचं विल्गा पार्क. इथे कुणाचा मोठा वाढदिवस असला की रस्त्यापासून त्याच्या गॅरेजपर्यंत गेलेली सिमेंटची वाट खडूंनी रंगवायची. माणूस कामावर गेला की आया आणि अजून शाळेत न जाणारी पोरं बादलीभर खडू घेऊन पोचतात, आणि तो परत येतो तेव्हा दारात त्याचं नाव, फुगे, केक आणि न ओळखता येणारे प्राणी असतात. कुणाचं राहून गेलं तर मला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, कारण बादली माझ्याकडे असते. माझ्या साठीला कुणीतरी डायनोसॉर काढून खाली माझं नाव लिहिलं होतं. ग्रॅम, म्हणजे माझा नवरा, एरवी दिवसाला चार वाक्यं बोलतो. त्या दिवशी चष्मा लावून बघत म्हणाला, "हुबेहूब."

नोरीन म्हणजे शाळेसमोरच्या पट्ट्यांवर उभी राहणारी बाई. पिवळंजर्द जाकीट, पांढरी टोपी, हातात दांडीवर बसवलेली लाल गोल पाटी. पाटी वर गेली की सिमेंटचा ट्रकसुद्धा गचकन थांबतो. फोनवर बोलत गाडी हाकणाऱ्या बापांना ती खिडकीवर टकटक करून सांगते, "ठेव तो खाली. तुला पण मीच पलीकडे नेलाय, नाक पुसून." प्रत्येक पोराच्या कुत्र्याचं नाव तिला पाठ आहे, आणि कुत्रा मेला की पोराइतकीच तीही रडते. तिचा नवरा लेस जिवंत होता तोवर दोघं आमच्याच गल्लीत भाड्यानं राहायची. लेस गेला. मग घराचा मालक गेला, आणि त्याच्या मुलांनी घर विकून टाकलं. नोरीन म्हणाली, "बरंच झालं की. एकटीला एवढं घर काय करायचंय? ओढ्यापलीकडे छोटंसं मिळालंय." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. शहाणी बाई, म्हटलं. सामान हलवायला येऊ का विचारलं, तर म्हणाली, झालंसुद्धा.

तर मंगळवार. आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. गवतावर दहिवर गोठलेलं, पोरांची नाकं लाल. नोरीन शाळेपाशी उभी होती, तेवढ्यात काम उरकायचं होतं. आमच्या दारासमोर सातआठ जणी जमल्या. मी बादली उचलली.

"चला ओढ्यापलीकडे. एह मू, तू पुढे हो. कुठलं घर?"

एह मू ओढ्यापलीकडच्या नव्या वस्तीत राहते. ती कारेन आहे, ब्रह्मदेशातून निघालेल्या लोकांपैकी. लहानपण निर्वासितांच्या छावणीत गेलं, आता इथल्या वृद्धाश्रमात काम करते. पाठीला पोर बांधलेलं असतं आणि मला ती आंटी म्हणते.

ती माझ्याकडे बघत राहिली. "कुठलं म्हणजे? आंटी, नोरीन तुमच्या बाजूला राहते ना?"

"राहायची. आता तुमच्याकडे आहे. छोटंसं घर."

"नाही हो. आम्हाला म्हणाली, दुकानांच्या मागे छोटंसं घर आहे. म्हणजे तुमच्याच बाजूला."

आम्ही दोघी हसलो. मग बाकीच्यांकडे बघितलं. कुणी म्हणे दुकानांमागे, कुणी म्हणे ओढ्यापलीकडे. आत कुणीच गेलं नव्हतं. चहाला बोलव म्हटलं की ती म्हणायची, "माझ्याकडे पसारा आहे गं, मीच येते तुझ्याकडे." आणि यायची. केक घेऊन यायची.

"आंटी," एह मू हळूच म्हणाली, "आमच्या बाजूला छोटं घर नाहीच. एकही नाही. आम्ही सासू, दीर, जाऊ, पोरं सगळी एकत्र का राहतो? छोटं मिळालं असतं तर दिराला मी कधीच वेगळं काढलं असतं."

हे तिनं बोलायला नको होतं असं मला वाटलं, कारण ते खरं होतं. आमच्या बाजूलाही नाही. विल्गा पार्कात घर म्हणजे चार बेडरूम, दोन बाथरूम, दोन गाड्यांचं गॅरेज, आणि सिनेमा बघायला एक अंधारी खोली जिच्यात कुणी बसत नाही. कुंपणामागे उड्या मारायची जाळी. जाहिरातीच्या फलकावर आई, बाप, दोन पोरं आणि सोनेरी कुत्रा. एकट्या माणसासाठी इथे कुणी कधी वीट ठेवलेली नाही. मी इथे तीस वर्षं राहतेय, घरांवरच्या विक्रीच्या नि भाड्याच्या पाट्या वाचतेय, आणि "छोटंसं मिळालंय" हे ऐकून मी मान डोलावली होती!

मी बादली खाली ठेवली.

"पण ती आमच्याकडे राहते कधीकधी," एक जण म्हणाली. "जानेवारीत आम्ही समुद्रावर जातो तेव्हा. कुत्र्याला एकट्याला करमत नाही ना."

"आमच्याकडे पण," एह मू म्हणाली. "नव्या वर्षाला आम्ही सगळे मेलबर्नला जातो. कोंबड्या असतात."

"ईस्टरला आमच्याकडे. मांजरीला औषध द्यायचं असतं."

एकेक बोलत गेली आणि पुढचीचा आवाज बारीक होत गेला. आणि माझं? आम्ही दोघं दर हिवाळ्यात गाडीमागे चाकांवरचं घर, म्हणजे कॅराव्हॅन, जोडून तीन महिने उत्तरेला, उन्हात. आणि आमच्या आंधळ्या कुत्र्याजवळ, बिस्किटजवळ, कोण? नोरीन. परत आलो की घर लख्ख, चादरी इस्त्री केलेल्या, मोडलेली कडी बसवलेली. मी मोठ्या मनानं तिला क्वीन्सलंडचं चित्र छापलेलं भांडी पुसायचं फडकं आणायची. दरवर्षी एक. ती घडी घालून म्हणायची, "किती छान! भिंतीवरच लावते."

कुठल्या भिंतीवर?

आणि मग मार्च आठवला. बिस्किट मेला तेव्हा नोरीन आमच्या ओट्याशी उभी होती. ग्रॅमचा गुडघा गेलेला, कॅराव्हॅन विकलेली. मी तिला म्हटलं होतं, "या वर्षी आम्ही कुठे जात नाही बाई. कुत्राही नाही. तू आपली तुझ्या घरी पाय वर करून बस." तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं कुत्र्यासाठी. मी तिला रुमाल दिला होता.

तेवढ्यात ग्रॅम लंगडत बाहेर आला. आवाज नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं त्याला कळतं. मी त्याला सांगितलं, नोरीनचं घर कुणाला माहीत नाही. त्यानं कपातला चहा हलवला.

"तिची गाडी मैदानावर असते," तो म्हणाला.

"कुठल्या मैदानावर?"

"आपल्याच. मी त्या बसायच्या यंत्रावर गवत कापायला जातो ना सकाळी. खेळाडूंच्या खोल्यांमागे असते. मला वाटायचं फिरायला येते." तो थांबला. "काचेला तो ऊन अडवायचा चंदेरी पडदा लावलेला असतो. जूनमध्ये कशाला लावते, असं एकदा मनात आलं होतं."

"आलं होतं? मग तोंडातून का नाही आलं, मेल्या?"

खरं तर मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि तो जवळ होता. रात्री इथे पाण्याच्या नळ्या गोठतात, आणि ती गाडीत झोपत होती. एह मूनं पाठीवरचं पोर पुढे घेऊन छातीशी धरलं. ती म्हणाली, "आम्ही छावणीतून आलो तेव्हा पहिलं दार तिनंच वाजवलं होतं. पोरांसाठी लोकरीच्या टोप्या घेऊन. वर मला म्हणाली, इथली थंडी अंगावर काढू नकोस."

मी तशीच निघाले. चपला घरातल्या होत्या, ते शाळेपाशी पोचल्यावर कळलं.

शाळा भरली होती. नोरीन कडेचे लाल झेंडे काढून गुंडाळत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. "अगं, पायांत काय घातलंयस? ग्रॅमनं हाकललं की काय?"

"नोरीन, तू कुठे राहतेस?"

तिनं झेंड्याची गुंडाळी पूर्ण केली. "ओढ्यापली..."

"ओढ्यापलीकडचे सगळे माझ्या दारात उभे आहेत. खडू घेऊन."

ती शाळेच्या कुंपणावर टेकली. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची लोकर बांधलेली.

"बेघर म्हणू नकोस हं मला," ती म्हणाली. "बेघर माणसाकडे एवढ्या किल्ल्या असतात? ख्रिसमस ते जानेवारीअखेर मी राणी असते, राणी. पोहायच्या तलावासकट! घर निवडून राहते. तुझी गादी सगळ्यांत चांगली. एह मूचा फ्रिज रात्रभर कण्हतो."

"आणि आत्ता?"

"आत्ता शाळा चालू आहे. शाळा चालू असली की सगळे आपापल्या घरी असतात." तिनं हिरव्या लोकरीची किल्ली अंगठ्यानं चोळली. ती आमची होती. "जून तेवढा लांबतो. एरवी जून मला कळायचाच नाही. तुमच्याकडे असायचे ना."

मी विचारलं, "भाड्यानं बघितलंस का कुठे?"

"बघितलं की. चार खोल्यांची घरं, आणि त्यांना हवं कुटुंब. एजंटबाई मला विचारते, आणखी कोण कोण राहणार? मी म्हटलं, माझे गुडघे." ती हसली, मी नाही हसले. तशी तिनं माझा दंड धरला. "लिअ‍ॅन, शाळेत बोलू नकोस. पोरं रडतील. आणि त्यांच्या आयांना कळलं तर त्या किल्ल्या परत मागतील. लाजेनं मागतील बिचाऱ्या, पण मागतील. मग मी कुठे जाऊ?"

"त्यांना कळलंय."

तिचा हात गळून पडला. सत्तर वर्षांची ही बाई, ट्रक थांबवणारी, आणि तिला असं भ्यालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला तिचा राग आला, माझा आला, आणि फलकावरच्या त्या सोनेरी कुत्र्याचाही आला.

"चल घरी," मी म्हटलं. "माझ्या पोरीच्या खोलीत इस्त्रीचं टेबल एकटं राहतं. मुलाच्या खोलीत ग्रॅमची सायकल, जी जागची हलत नाही. चल."

"मला कीव नको."

"कीव कसली? मी तुझ्यावर इतकी चिडलेय की तोंड बघवत नाही. गाडी काढ, माझे पाय गारठलेत."

गाडीत मागच्या सीटवर रजई घडी करून ठेवलेली होती, कडा कडांना जुळवून. तिच्यावर क्वीन्सलंडची फडकी, सगळी नवीकोरी. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

गल्लीच्या वळणावर तिनं ब्रेक दाबला. आमच्या दारासमोरच्या वाटेवर अख्खी लांबी भरून नोरीन असं लिहिलं होतं, प्रत्येक अक्षर वेगळ्या रंगात. खाली केक, त्यावर मेणबत्त्यांचं जंगल, हातात गोल पाटी घेतलेली एक काडीची बाई, आणि बाजूला ढग किंवा मेंढी. बायका आपापल्या घरी निघून गेल्या होत्या. एह मू तेवढी ओणवी होऊन शेवटचा कोपरा रंगवत होती.

"नोरीनचं दार कुठलं ते माहीत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून इथेच काढलं."

नोरीननं गाडी रस्त्यावरच उभी केली. खडूवर चाक घालवेना तिला. कडेकडेनं गवतातून चालत आली, दाराशी आली, आणि सवयीनं हिरव्या लोकरीची किल्ली काढून कुलूप उघडलं. मी मागे उभी. आत गेल्यावर ती आधी ओट्याखाली वाकली, बिस्किटचं भांडं असायचं तिथे. भांडं नव्हतं. मग खिडकीतली कुंडी बोटानं चाचपली, माती ओली आहे का बघितलं. जाकीट अंगात तसंच, पिशवी खांद्यावर.

ग्रॅमनं किटली ठेवली होती. नोरीननं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मग तुम्ही कधी निघताय?" तिनं विचारलं.

"कुठे?" मी म्हटलं.

"कुठे म्हणजे? मी राहायला आले म्हणजे तुम्ही जाणार ना?"

"कुठेच नाही," ग्रॅम म्हणाला. "आम्ही इथेच आहोत. बस."

तिला ते समजेना. ती ओट्याला धरून उभी राहिली, आणि हातातल्या किल्लीचं काय करायचं ते तिला सुचेना. "पण मग," ती म्हणाली, "मी सांभाळायचं काय?"

मी तोंड उघडलं. मला कधी शब्द कमी पडत नाहीत, हे अख्खं विल्गा पार्क सांगेल. मी कपाटातून तिसरा कप काढला आणि टेबलावर ठेवला.