हसू पाहून घेतलेले स्पीकर

अर्धी मेथी निवडून झाली होती, अर्धी वर्तमानपत्रावर पडून होती. मालिनीबाईंनी ती ओल्या फडक्यात गुंडाळली आणि चपला पायात सरकवल्या.

"चला हो, दुकान दुपारी बंद होतं."

त्यांचे यजमान वेणीमाधवराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून आदल्याच वर्षी, २००१ साली, निवृत्त झाले होते. अठ्ठावीस वर्षं टर्बाइनच्या घरघरीत काढली. आता घरघर सुटली, पण शब्द नीट कळेनासे झाले. कबूल मात्र करायचे नाहीत. एकादशीच्या कीर्तनात बुवांच्या विनोदावर सगळं देऊळ हसलं. यांनी आधी आजूबाजूला पाहिलं आणि मग हसले. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्या दिवसापासून गुडघ्यांचं निमित्त करून वेणीमाधवरावांनी देऊळच सोडलं. मग बाईंनी त्याच कीर्तनाची कॅसेट मिळवली आणि घरी चांगले स्पीकर घ्यायचं ठरवलं.

दुकानदार आल्हाद ओळखीतला. त्याने कमरेएवढे खोके दाखवले. "काकू, हे न्या. भिंती हलतील!"

"भिंती कशाला हलवतोस? राहायचंय रे आम्हाला त्यात."

त्याने एक जुनं भजन लावलं. वेणीमाधवराव लगेच गुणगुणू लागले. आल्हाद खूश झाला, बाई नाही. पाठ असलेलं भजन माणूस आठवणीनेच ऐकतो. त्यांनी पिशवीतून कॅसेट काढली.

"हे लाव. माझे कान हल्ली जरा मंद झालेत, मला शब्द कळले पाहिजेत."

वेणीमाधवरावांनी चमकून पाहिलं. बाई पदर सारखा करत राहिल्या.

बुवा सांगत होते, "डोळे मिटून बसलेला भक्त ध्यानात आहे की दुपारच्या पुरणपोळीत, ते घोरणं सुरू झालं की कळतं!" मोठ्या खोक्यांतून नुसता तबला दणाणला. वेणीमाधवराव गंभीरपणे मान हलवत होते. दुसऱ्या जोडीलाही तेच. तिसरी जोडी फळीवरची, लहान, लाकडी. कॅसेट पुन्हा मागे नेली. बाई यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, स्वतः मुद्दाम हसल्या नाहीत.

"घोरणं!" वेणीमाधवराव खो खो हसले. "बुवा म्हणजे ना!"

बाईंनी त्या लहान जोडीवर हात ठेवला. "हीच जोडी. पण टिकेल ना रे? पुन्हा पुन्हा घ्यायचे नाहीत."

"आतल्या पडद्याची कड रबराची आहे काकू. फोमची असती तर काही वर्षांत भुगा झाला असता. निर्धास्त न्या."

संध्याकाळी त्यांनी सगळं कीर्तन ऐकलं. कॅसेट थांबल्यावर वेणीमाधवराव म्हणाले, "काय गं, आता येतं ना तुला नीट ऐकू?"

"येतं की. शब्दन् शब्द."

त्यांनी कॅसेट काढून डबीत ठेवली. मग हळूच म्हणाले, "मलाही."

बाईंनी मान वळवली, डोळे टिपले. स्पीकर अजून जमिनीवरच होते. त्यांनी शिवणाची मोजपट्टी आणून खुर्चीत बसलेल्या नवऱ्याच्या कानाची उंची मोजली.

"आता हे काय?"

"हलू नका हो."

सव्वातीन फूट भरली. सकाळी पूजा आटोपली की भिकन सुताराकडे जाऊन स्पीकर बरोबर त्या उंचीवर येतील असे दोन स्टँड सांगून यायचे होते.