आठ अक्षरांचं गाणं आणि दोन मुसळं

मंडळी, आपल्या कविमंडळाच्या फिरत्या वहीत आज सकाळचीच हकीकत लिहितो आहे.

गव्हाणला मित्राच्या मुलीची हळद कांडायची होती. त्यासाठी मी गाणं रचून नेलं होतं. प्रत्येक ओळ आठ अक्षरांची, तीनदा तपासलेली. छंद मी कुणापाशी शिकलो नाही, पण माझी मोजणी चुकत नाही.

लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारीण काकूंनी ते ऐकून घेतलं. "दादा, आमी हे म्हननार नाय," त्या म्हणाल्या. आपला मान जाईल अशी त्यांना धास्ती असावी, असं मला वाटलं. मी हट्ट धरला.

"मंग तुमीच म्हना."

एका उखळात नवरीची आई आणि आणखी एकजण अशा दोघी आळीपाळीने मुसळ घालत होत्या. मी दोन ओळी म्हटल्या आणि मुसळं एकमेकांवर आपटली.

"भावजी, आमची बोटं तरी ठेवा," नवरीची आई हसत म्हणाली.

मुद्दाम केलं असणार, असा मला दाट संशय आला. मग काकूंनी आपलं गाणं धरलं. मी मोजलं: सात, नऊ, परत सात. मुसळं एकदाही भिडली नाहीत. अक्षर कमी पडे तिथे त्या स्वर लांबवत. माझ्या ओळीत अक्षरं पुरी होती, पण मुसळ उचलायला जागा नव्हती.

"आता पुढं कुठलं म्हनू?" काकूंनी विचारलं.

"तुमचंच," मी म्हटलं.

तरी त्यांचं संगनमत असेल, म्हणून घरी येऊन बायकोला आणि शेजारणीला मुसळं दिली आणि माझं गाणं पुन्हा म्हटलं. या दोघी काही त्या कटात नव्हत्या. मुसळं पुन्हा आपटली.

तुम्ही आपल्या कविता कशावर तपासता?