पेट्रोलच्या झाकणाखाली

बंगळुरात, के. आर. पुरमच्या झुलत्या पुलाच्या अलीकडे, भर ट्रॅफिकमध्ये, मी एका शहाळ्याचं पाणी इंजिनाला पाजत होतो.

तुम्ही हसाल. मागचे ट्रकवाले हसत नव्हते. ते हॉर्न वाजवत होते. बोनेट उघडं, खाली मी वाकलेला, फ्युएल पंपावर माझा ओला पंचा आणि त्यावर थेंब थेंब नारळपाणी. साधं पाणी संपलं होतं. शहाळंवाला मात्र समोरच होता.

गाडीत मागे इनामदार काकू बसल्या होत्या. पुढे इनामदार काका, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, जणू गाडी चालूच आहे. त्यांच्या शेजारी त्यांचा मुलगा आशिष. तो आयटीत आहे. तो फोनमध्ये वेळ मोजत होता.

"चौदा मिनिटं झाली, परशुराम अण्णा," आशिष म्हणाला.

"थंड होऊ दे की. पेट्रोलची वाफ झालीय आत."

"मागच्या वेळीही वाफच होती."

पंधराव्या मिनिटाला गाडी सुरू झाली. मी विजयी मुद्रेने बोनेट आपटलं. आशिषने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो म्हणाला, "बाबा, शेवटची ट्रायल. रविवारी येलहंक्याच्या आपल्या घरापासून होसकोटेपर्यंत, मध्ये कुठेही न थांबता. झालं तर गाडी तुमची. नाही झालं तर सोमवारी ती माणसं येऊन इंजिन काढतील आणि इलेक्ट्रिक मोटर बसवतील. मी बोलून ठेवलंय."

"मोटर बसवली की ती गाडी राहत नाही," काका म्हणाले. "मिक्सर होतो."

"मिक्सर पुलाखाली बंद पडत नाही, बाबा."

आता या दोघांत दुष्ट कोणीच नव्हतं. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दर महिन्याला एकदा ते काकूंना त्यांच्या बहिणीकडे होसकोटेला घेऊन जातात, याच गाडीने. ती बंद पडली की हायवेच्या कडेला दोन म्हातारी माणसं उन्हात उभी. आशिषला ऑफिसातून हे दृश्य सारखं दिसायचं. त्यालाही झोप यायला हवी ना?

गाडीची ओळख करून देतो. कंपनीचं नाव सांगत नाही, वय तर मुळीच नाही. फिका निळा रंग, गोल डोळे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. इंजिन पेट्रोलचं, चार सिलिंडरचं, अकराशे सीसीला थोडं कमी. कागदावर चाळीसेक घोडे. त्यातले काही आता पेन्शनवर आहेत, पण उरलेले इमानदार. आजच्या गाडीत कॉम्प्युटर ठरवतो की पेट्रोल किती आणि ठिणगी कधी. इथे हे सगळं लोखंड आणि पितळ ठरवतं. कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा मिसळतो. कॉन्टॅक्ट पॉइंट नावाची दोन छोटी तोंडं उघडझाप करतात आणि ठिणगी पडते. त्यांच्यातली फट व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी हवी. गेज हरवलं की आम्ही खरोखर कार्डच घालतो. माझ्याकडे एका दाताच्या डॉक्टरांचं कार्ड आहे, त्याने निम्म्या येलहंक्याचे पॉइंट सेट झालेत.

आणि फ्युएल पंप. तो इंजिनाच्या कुशीला चिकटलेला असतो. मागच्या टाकीतलं पेट्रोल तो ओढून पुढे आणतो, नळीतून सरबत ओढावं तसं. आता इंजिन तापलं, ट्रॅफिक तुंबलं, वारा लागेना, की पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळून त्याचे बुडबुडे होतात. बुडबुडे ओढता येत नाहीत. इंजिन उपाशी मरतं. याला व्हेपर लॉक म्हणतात. जुन्या छोट्या गाड्यांचा हा सगळ्यात प्रसिद्ध आजार आणि ओला पंचा हे त्याचं सगळ्यात प्रसिद्ध औषध. मेकॅनिक म्हणून माझी उमेदवारी बेळगावात झाली. तिथे उस्ताद उन्हाळ्यात माझ्या खांद्यावरचा पंचा न विचारता ओढायचे. मी तीन पंचे असे गमावले.

त्यामुळे काका दसऱ्यानंतर आले आणि म्हणाले, "दसऱ्यापासून अर्धा-पाऊण तास चालली की बंद पडते, मग पंधरा मिनिटांनी चालू होते," तेव्हा मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर केला. व्हेपर लॉक! ऑक्टोबरचं ऊन! बसा काका, चहा घ्या.

रविवारपर्यंत माझ्याकडे चार दिवस होते. पहिल्या दिवशी पंप उघडला. आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, बदलला. दुसऱ्या दिवशी पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब वळवली आणि तिला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली, हात मोडल्यावर गुंडाळतात तशी. तिसऱ्या दिवशी पॉइंट, कंडेन्सर, प्लग. कार्बोरेटर तर असा धुतला की त्यात कोशिंबीर करावी. मग टाकी पूर्ण भरली आणि मी एकटाच हेब्बाळमार्गे निघालो.

पुलाच्या अलीकडे दोन धक्के. एक उसासा. बंद.

मी पंपाला हात लावला. पंप कोमट होता. आमच्या मांजराएवढा. एवढ्यावर पेट्रोल उकळत नाही. म्हणजे व्हेपर लॉक नव्हताच. एवढे दिवस मी भलत्याच रोगाचं औषध देत होतो आणि तेही टाळ्यांची वाट बघत.

गॅरेजवर आलो तर आमचे मुनियप्पा वायरिंग करत बसले होते. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, तरी मला 'सर'ऐवजी कानडी थाटात सार म्हणतात. मी चिडलो की जास्तच म्हणतात.

"सार, मोटर छान असते सार. आवाज नाही, धूर नाही."

"मुनियप्पा, गप्प बसा."

"सरी सार. स्वल्प कॉफी?" म्हणजे, बरं, थोडी कॉफी घेणार का.

शनिवारी संध्याकाळी मी इनामदारांच्या घरी गेलो. हार मानायला. काका बाल्कनीत होते, दार ओढून घेतलेलं. काकू पोहे करत होत्या. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि बशी पुढे सरकवली.

"नाही सापडत?"

"नाही, काकू."

"मला इंजिनातलं काही कळत नाही," काकू म्हणाल्या, "पण मागे एकदा आम्ही वाटेत पेट्रोल भरलं ना, तेव्हा गाडी नीट गेली थेट होसकोटेपर्यंत. फक्त त्याच दिवशी."

"कुठे भरलं?"

"पुलाच्या जरा अलीकडे."

पोहे माझ्या हातात राहिले. मी बशीसकट खाली धावलो. वर बाल्कनीतून काका ओरडत होते, "अरे परशा, बशी!"

गाडी मी पाचच मिनिटांपूर्वी तिथे लावली होती, गॅरेजपासून लांबचा वळसा घेऊन. पेट्रोलच्या झाकणाला हात घातला आणि फिरवलं.

फुस्स.

लांब, समाधानाचा आवाज. टाकीने श्वास घेतला.

समजावून सांगतो. टाकीतून पेट्रोल बाहेर गेलं की त्याच्या जागी हवा आत यायला हवी. या गाडीत त्यासाठी झाकणाला एक बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकी आतून पेट्रोल धरून ठेवते. पंप ओढतो, टाकी सोडत नाही. मग इंजिन बंद. उभी राहिली की पंधरा मिनिटांत कुठून तरी थोडी हवा झिरपते आणि गाडी चालू होते. माझ्या पंच्याचा त्यात काहीही वाटा नव्हता. शहाळ्याचा तर नाहीच.

मी झाकण उजेडात धरलं. भोकात काहीतरी पिवळसर, दगडासारखं बसलेलं. नखाने खरवडलं. वास आला.

चंदन!

आता माझ्या गॅरेजची दसऱ्याची आयुधपूजा ऐका. सकाळी शटरला झेंडू आणि केळीचे खुंट, प्रत्येक चाकाखाली लिंबू, दारात कोहळा फोडायचा. मग मी स्नान करून, कोरं धोतर नेसून, चंदनाची वाटी घेऊन प्रत्येक गाडीला गंध लावतो. बोनेटला, स्टिअरिंगला. आणि जुन्या गाड्यांना, खास माझ्या प्रथेप्रमाणे, पेट्रोलच्या झाकणाला. कारण अन्न तिथून जातं. गेली कित्येक वर्षं मी इनामदारांच्या गाडीला तिथे अंगठ्याने भरघोस गंध लावतोय, चांगला दाबून, म्हणजे टिकेल.

माझ्या भक्तीने गाडीचं नाक बुजवलं होतं.

काकू जिन्यावरून हळूहळू उतरत होत्या. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचं. मी झाकण पुढे केलं. त्यांनी वास घेतला, माझ्याकडे बघितलं.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी धुवायचे ना गाडी," त्या म्हणाल्या. "जुन्या टूथब्रशने झाकणसुद्धा. यंदा नाही जमलं. पाय चालेनात." मग झाकणाकडे बघत, "मला वाटायचं, हे एवढं गंध कोण थापतं?"

मी माझा अंगठा मुठीत लपवला.

रविवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. भोक मी सुईने मोकळं केलं होतं. पंचा आणला नव्हता. काकांनी ते बघितलं आणि किल्ली फिरवली. हेब्बाळ गेलं. पूल जवळ आला. आशिषने फोन काढला, मग खिशात ठेवला. ट्रॅफिक तुंबलं. इंजिन गुरगुरत उभं राहिलं, एकसारखं. शहाळंवाल्याने मला ओळखलं आणि कोयता उंचावून विचारलं, देऊ का? मी हात हलवला. सिग्नल सुटला. काकांनी गिअर टाकला आणि पूल मागे गेला.

होसकोटेला काकूंची बहीण फाटकात उभी होती. काकांनी इंजिन बंद केलं नाही. थोडा वेळ नुसते ऐकत बसले.

"काय होतं शेवटी, अण्णा?" आशिषने विचारलं.

"टाकीचं व्हेंटिलेशन ब्लॉक होतं. टेक्निकल इश्यू."

"कशाने?"

मी घसा साफ केला. मागून काकू म्हणाल्या, "पुढच्या दसऱ्याला गंध बोनेटलाच लाव हो, परशुराम."

आशिषला समजायला दोन सेकंद लागले. मग तो इतका हसला की त्याला दार उघडून बाहेर उभं राहावं लागलं. तिथूनच त्याने त्या मोटरवाल्यांना फोन करून सोमवारचं रद्द केलं.

यातून मी शिकलो ते असं. बंद गाडी आली की आता बोनेट उघडण्याआधी मी विचारतो, हिला शेवटचा हात कोणी लावला होता. बऱ्याचदा तो माझाच निघतो. तेव्हा मी मुनियप्पांना कॉफी आणायला पाठवतो आणि मगच झाकण उघडतो.