हूट

संध्याकाळी मुलगी 'हूट' या इंग्रजी शब्दाचे अर्थ मोठ्याने वाचत होती. घुबडाचं ओरडणं, गाडीचा भोंगा, सभेत उडवलेली हुर्यो, पोट धरून हसवणारी गंमत. घुबडाच्या ओरडण्याशेजारी त्या लोकांनी हसूसुद्धा बसवलंय, याचं मला नवल वाटलं. आम्हाला त्यात फक्त भीती ऐकू येते.

तेवढ्यात मागच्या चिंचेवर घुबड घुमलं. ह्यांनी अंगणातला खडा उचलून भिरकावला.

"अहो, नको!" मी ओरडले. आमच्याकडे घुबडाला दगड मारत नाहीत. ते तो दगड नदीवर नेऊन रोज घासतं म्हणतात, आणि दगड झिजतो तसा मारणारा झिजत जातो.

"शिकलेली ना तू?" हे हसले. मुलगी हसली, मीही हसले. पण गेल्या महिन्याभरात ह्यांचे शर्ट खांद्यावरून उतरायला लागले होते, आणि तपासणीचा रिपोर्ट उद्या यायचा होता.

हे आत गेल्यावर मी चिंचेखाली वाकून तो खडा शोधू लागले. खडे पुष्कळ होते, ह्यांचा कोणता ते कळेना. शेवटी हाताला लागले तेवढे सगळे पदरात भरले आणि घरात आणले.