आवाज मुरवणारे जावई

अख्ख्या जबलपुरात कोणाच्याही घरी पाऊल टाकल्याबरोबर टाळी वाजवणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. माझ्या धाकट्या बहिणीचे, कुमुदचे यजमान. लोक पाणी घेतात, खुशाली विचारतात. आमचे जावई बैठकीच्या मधोमध उभे राहून फटकन् टाळी देतात आणि मान वाकडी करून ती कशी विरते ते ऐकतात. रांझीला एकांच्या घरी सांत्वनाला गेलो, तिथंही दिली हो! मी डोळे वटारले तर कानाशी म्हणतात, "ताई, फार घुमते यांची खोली. बिचाऱ्यांचं रडणंही दुप्पट ऐकू येऊन राहिलं."

कारखान्यातून रिटायर झालेले लोक नर्मदेवर फिरायला जातात. आमच्या जावयांनी जाड प्लास्टिकचा पाइप आणला. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला हाती लागेल ते: काथ्या, रजईतला कापूस, एकदा तर माझा ढोकळा. स्पीकरमधून शिटी सोडायची, आणि तिच्यातली किती उलटून आली, किती त्या वस्तूत मुरली, ते मोबाइलवर मोजायचं. हो, मुरली! लोणच्यासारखा आवाजही मुरतो म्हणे, फक्त वस्तूतून फुंकर आरपार गेली पाहिजे. थर्मोकोल म्हणूनच नापास. सराफ्याजवळच्या गादीवाल्याकडे हे एकेक कापड ओठाला लावून फुंकत बसले, तेव्हा तो म्हणालाच, "बाबूजी, खरीदना है कि बजाना है?" आणि घरी शिट्या सुरू झाल्या की शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "दीदी, कुकर उतार लो!"

आम्ही हसायचो. पण कुमुदचे कान गेले होते. कानाचं मशीन आणलं, तर त्या गुळगुळीत फरशीच्या, उघड्या भिंतींच्या बैठकीत शब्दावर शब्द आदळायचे. "नुसता कल्ला होते बाप्पा," म्हणून तिनं ते काढून ठेवलं. मग चारचौघांत बसणंच सोडलं. बसली तरी आधी आमची तोंडं बघायची, मग हसायची. जावयांना ते बघवेना.

शेवटी त्यांनी कापूस भरलेल्या जाड चौकटी भिंतींवर ठोकल्या, वर सुती कापड ताणलं. कुमुद कडाडली, "माझी बैठक आहे की धर्मशाळा?"

"एकदा मशीन लावून तर बघ!" जावई ओरडले. गल्लीनं ऐकलं.

तिनं कुरकुरत लावलं. जावई समोर बसले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "कुमुद, चहात साखर घातली का?"

"घातली ना. काहून?"

मी कप खाली ठेवला. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. कितीतरी वर्षं हा माणूस तिच्याशी ओरडूनच बोलत होता.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा आवाज किती म्हातारा झाला हो!"

जावयांनी मान खाली घातली.

"बोला ना अजून काही."

आणि एवढा सगळा खटाटोप केलेल्या त्या माणसानं पुन्हा तेच विचारलं, "चहात साखर घातली का?"